पासिंगच्या रजिस्टरातली सही

अंगात येणं, बाधा, नजर लागणं... असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जायचो. रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला होतो. जे मोजता येतं, पुन्हा करून बघता येतं, तेवढंच खरं असं मानायचो. खाली लिहिलंय ते दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर सगळ्यात आधी मीच हसलो असतो. पण हे माझ्याबाबतीत घडलं – भर दुपारी, आणि शेजारी साक्षीदार असताना.

साल १९९६. माझी मुलगी मानसी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं, आणि ती सोय आमच्यासाठी मुंबईलाच होती. तिसरा आठवडा लागला की पोरगी पांढरीफटक पडायची, दोन पायऱ्या चढल्या की बसायची. अशा अवस्थेत तिला रोह्याहून एसटीने न्यायचं... नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल... आणि दिवसभर रक्त चढवून तसंच परत आणायचं.

त्या डिसेंबरात वाटेवरच्या गडब गावाजवळ आमची एसटी बंद पडली. मागून येणाऱ्या गाड्या भरलेल्या, कुणी थांबेना. मानसीला एका दुकानाच्या बाकड्यावर निजवलं. तिचे ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते. "बाबा, मला उठवू नका हां," एवढं म्हणून तिने डोळे मिटले. सुनीता, माझी बायको, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली – हात पसरून. एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला, आधी शिव्या दिल्या आणि मग मानसीला बघून दार उघडलं. त्या दिवशी वेळेत पोचलो. पण त्या ट्रकमध्येच मी ठरवलं, पुढच्या खेपेच्या आत आपली गाडी हवी. कसलीही.

पेणला धर्माशेठ म्हणून गणपतीच्या मूर्तींचे व्यापारी होते. मूर्ती पोचवायची त्यांची जुनी जीप विकायची आहे असं कळलं. रोह्याचे रशीदभाई मिस्त्री माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना घेऊन गेलो. जीप कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये उभी होती, टपावर पांढऱ्या मातीचा थर. रशीदभाईंनी इंजिन ऐकलं, खाली झोपून बघितलं, वडखळपर्यंत चालवून आणली.

"इंजिन झकास हाय, विजू. पन पासिंगचं बुक बघू दे."

धंद्याची गाडी म्हणजे दरवर्षी पासिंगला न्यावी लागते, तपासून शिक्का मिळतो. बुकात शिक्के ओळीने होते, फक्त मधल्या एका वर्षाचा नव्हता. धर्माशेठना विचारलं.

"त्या वर्षी गाडी माझा भाऊ काशिनाथ चालवायचा. त्याच साली तो गेला... तापाने. मग वरीसभर गाडी शेडमधीच पडून व्हती. मला बाकी काय म्हाईत नाय, खरंच सांगतो."

माणूस सरळ वाटला. मी लगेच म्हणालो, "ठरलं मग." रशीदभाईंनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"पोरीला बसवनार ना हिच्यात? मग रिकामं साल तसंच सोडायचं नाय. ऑफिसात रजिस्टर असतंय, ते बघू."

मला राग आला होता. पुढची खेप नऊ दिवसांवर होती. तरी गेलो. पासिंगच्या ऑफिसात रशीदभाईंच्या ओळखीचे एक कारकून होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चार वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं आणि स्वतः डबा उघडून बसले. मी जीपचा नंबर शोधत बोट खाली नेत होतो. सापडला. गाडी त्या वर्षी पासिंगला आणली होती. निकाल – नापास. शेरा – स्टिअरिंग. शेवटचा रकाना गाडी आणणाऱ्याच्या सहीचा.

तिथे माझी सही होती.

नावात साम्य वगैरे नाही. माझी सही. एक मात्र इथे सांगायला हवं. त्याच्या दोन वर्षं आधी लॅबमध्ये ड्रमचं झाकण पडून माझा अंगठा चेचला होता. तेव्हापासून मी पेन दोन बोटांत धरतो, आणि सहीचा शेवटचा फाटा मधेच तुटून वर उडतो. बँकेत नवी सही द्यावी लागली होती. रजिस्टरातली नोंद चार वर्षांपूर्वीची, तेव्हा माझा अंगठा धड होता... आणि सही मात्र आत्ताची, तुटक्या फाट्याची. वरच्या-खालच्या सह्यांइतकीच तिची शाई जुनाट, तपकिरी पडलेली.

मी रशीदभाईंकडे बघितलं. ते चष्मा काढून वाकले होते. माझ्या चेचलेल्या अंगठ्याकडे बघत होते, मग सहीकडे; माझी सही त्यांनी बऱ्याचदा बघितलेली होती.

"ही तुझी हाय," ते हळूच म्हणाले.

यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी रजिस्टर मिटलं. म्हणालो, "रशीदभाई, माझी नाही म्हणा. पाया पडतो तुमच्या. ही गाडी गेली तर दुसरी मिळायची नाही मला. तुम्ही तसं म्हणालात की मी आत्ता जाऊन गाडी घेतो." माझा आवाज चढला असावा, कारण कारकून जेवता जेवता थांबले. रशीदभाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू म्हनशील ते म्हनतो. आधी मला स्टिअरिंग खोलू दे."

त्याच दुपारी धर्माशेठच्या शेडमध्ये त्यांनी ते खोललं. चाकांना वळवणारा जो दांडा असतो, त्याच्यावर ग्रीसचा जाड थर होता. रॉकेलच्या फडक्याने पुसल्यावर खाली वेल्डिंग दिसलं. नापास झाल्यावर काशिनाथने जोडून घेतलं असणार. त्या जोडावर केसाएवढी नवी भेग होती. रशीदभाईंनी दांडा पान्यात धरून हातोडीचा एकच ठोका मारला. दोन तुकडे.

धर्माशेठनी दोन्ही तुकडे हातात घेतले. "माझे गडी बसायचे हिच्यात..." एवढंच म्हणत राहिले. मी त्यांना सहीचं विचारलं. त्यांनी गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"काशिनाथ? सही? आवो, तो शाळंत गेलाच नाय कधी. तो अंगठा उठवायचा."

गाडी घेतली नाही. घरी येऊन सुनीताला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती देवाला हात जोडेल. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "अहो, मग आता नऊ दिवसांनी हिला न्यायचं कसं?" वाचलो असं त्या घरात कुणालाच वाटलं नाही. नऊ दिवसांनी आम्ही एसटीनेच गेलो, मानसीला आळीपाळीने मांडीवर घेऊन. पुढे पनवेलला एक खोली भाड्याने घेतली. मायलेकी तिथे, मी रोह्याला, आठवड्याच्या सुट्टीला भेट. अशी सहा वर्षं काढली.

पण त्याआधी, महिनाभराने, मी आणि रशीदभाई पुन्हा त्या ऑफिसात गेलो. मला झोप लागत नव्हती. तेच कारकून, तेच रजिस्टर, तेच पान. नंबर तोच, नापासचा शेरा तोच. शेवटच्या रकान्यात जांभळ्या शाईचा अंगठा होता. पान बदललेलं नव्हतं, खाडाखोड नव्हती. कारकुनांना विचारलं तर म्हणाले, "इथं पयल्यापासून अंगठाच हाय. तुमी त्या दिवशी कशापायी वरडलात ते मलापन कळलं नाय."

रशीदभाईंनी त्या ठशावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं. "चल विजू," म्हणाले.

मानसी आज छत्तीस वर्षांची आहे. रक्त अजून चढवावं लागतं, आता ती स्वतःच जाऊन येते. हे तिला कधी सांगितलं नव्हतं, परवा पहिल्यांदा सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला कागदावर सही करायला लावली. बराच वेळ त्या तुटक्या फाट्याकडे बघत बसली. मग त्या कागदाची घडी करून तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

काशिनाथला मी कधी पाहिलं नाही, त्यानेही मला पाहिलं नसणार. सही कुणी केली, आणि मग ती गेली कुठे – जमेल तसा सगळ्या बाजूंनी विचार करून झाला, पण काही हाती लागलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. फक्त भास झाला असेल असं म्हणू नका. रशीदभाई आता नाहीत, पण "ही तुझी हाय" हे ते म्हणाले होते, मी नाही.