न झालेल्या गोलांचा माणूस

शेऱ्याच्या रकान्यात मी ‘काही नाही’ असे लिहिले, आणि बर्फावरच्या हॉकीतील एका थोर खेळाडूची नोकरी गेली. ही गोष्ट मी बारा वर्षे कोणालाही सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही. माझी माहिती अपुरी नव्हती. मला सगळे ठाऊक होते, आणि म्हणूनच मी ते लिहिले नाही.

सौदी अरेबियात, दम्मामच्या एका मॉलमध्ये बर्फाचे मैदान होते. त्याच्या कचेरीत मी कारकून होतो. बाहेर डांबर मऊ पडत असे आणि आत मी स्वेटर घालून पात्यांच्या बुटांची नोंद ठेवत असे. मुलांना खेळ शिकवायला कॅनडाचे एक कोच होते, साठीकडे झुकलेले. उमेदीची सारी वर्षे ते व्यावसायिक हॉकी खेळले होते. खेळले पुढच्या फळीत, जी गोल करण्यासाठी असते. पण त्यांना मैदानात उतरवत ते समोरच्यांचे गोल होऊ नयेत म्हणून.

दुपारच्या चहाला त्यांनी मला हे खजुराच्या बियांवर समजावले.

“हा त्यांचा सर्वांत धोकादायक गडी,” एक बी ठेवत ते म्हणाले. दुसरी तिला चिकटवली. “आणि हा मी. दुसऱ्या दिवशी पेपरात येई, काल त्याचा दिवस नव्हता.”

“आणि तुमचं नाव?”

“ते कशाला येईल?” असे म्हणून ते अतिशय समाधानाने हसले. अशा खेळासाठी तिकडे वेगळे पारितोषिक असते आणि ते आपल्याला एकाहून अधिक वेळा मिळाले, हे त्यांनी मी खोदून विचारल्यावर सांगितले.

माझ्या खोलीत चिपळूणचा एक प्लंबर राही. त्याला हे ऐकवले तेव्हा तो उठूनच बसला. “म्हणजे काम होऊ न देण्याचा पगार? अरे, मग त्याला आपल्या कंपनीत रजेच्या टेबलावर बसव की! पहिल्याच दिवशी बढती.”

पुढे सौदीकरण आले. देशातल्या तरुणांना कामे मिळावीत, यात गैर काहीच नव्हते. मैदानावर एकच परदेशी माणूस ठेवायचा असे कंपनीने ठरवले: कोच किंवा मी. दोघांचे अर्ज अरबीत भरायचे होते, आणि अरबी लिहिता येत होते मला. अर्ज कंपनीच्या बेकरीचा आणि लाँड्रीचाही तोच होता; त्यात ‘तयार केलेले नग’ असा रकाना होता. कोचच्या अर्जात तिथे मी त्यांचे गोल लिहिले. ते थोडे होते. शेऱ्यात काय लिहिले ते वर सांगितलेच आहे. त्यांनी न वाचता सही केली.

मुदीर, म्हणजे आमचे व्यवस्थापक, कतीफच्या एका कोळ्याचे चिरंजीव होते. माणूस सज्जन.

“इतकेच गोल? मग इतकी वर्षं बर्फावर हा करत काय होता?”

“अडवत होते, मुदीरसाहेब.”

“माझे वडील टोपलीतले मासे मोजत, भाऊ. जाळ्यात न आलेले कोण मोजणार?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना खरोखर उत्तर हवे होते. मी म्हणालो, “खरं आहे.”

मग त्यांनी माझा अर्ज उघडला. शेऱ्याचा रकाना समासापर्यंत भरला होता: या कारकुनाच्या काळात आग लागली नाही. बर्फ वितळला नाही. एकही मूल हरवले नाही. छत कोसळले नाही.

“इतकं सगळं झालं नाही?”

“नाही, साहेब.”

“माशाअल्लाह,” मुदीर म्हणाले आणि त्यांनी माझ्या अर्जावर शिक्का मारला.

खजुराच्या बियांवर शिकलेली विद्या मी अशी वापरली. निरोपाच्या दिवशी कोचनी मला मिठी मारली आणि कागद भरून दिल्याबद्दल आभार मानले. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात आमच्या मुलांनी चार गोल केले आणि मुदीरांनी मिठाई वाटली. समोरच्यांचे किती झाले, ते मीच फलकावरून उतरवून घेत होतो. एका पानात मावले नाहीत.

दर ईदला कोच मला फोनवर आवाजी शुभेच्छा पाठवत. उत्तरादाखल मी दरवर्षी फुलांचे चित्र पाठवी. यंदा चित्र निवडले, तसेच ठेवले, आणि त्यांना फोन लावला. बायको शेजारीच बसली होती. तिला मी उठू दिले नाही.

“मित्रा!” ते म्हणाले. “सगळं ठीक ना?”

“नाही,” मी म्हणालो. “तुमचा अर्ज मी मुद्दाम अपुरा भरला होता. तुम्ही किती मोठे खेळाडू होतात हे मला माहीत होतं. माझी नोकरी टिकावी म्हणून मी ते लिहिलं नाही. मुदीरांनी विचारलं, तेव्हाही बोललो नाही. माझ्यामुळे तुम्हाला जावं लागलं. मी तुमची माफी मागतो.”