मावशींची भट्टी आन माझी फुशारकी

उलथनं कढईच्या काठावर आपटून मावशी म्हनायच्या, "जे हाय ते सांग. मग ध्यानात ठिवावं लागत न्हाई." मला ते बरं होतं. माझ्या ध्यानात तसंबी काय ऱ्हात न्हवतं.

लोनावळ्यात त्यांची चिक्कीची भट्टी. मी जवळच्या औंढे गावास्नं चालत यायचो, गूळ फोडायचो; पाक ढवळाया कामाच्या बायका हुत्या. शाळा म्या बघितलीय, पर वरनं. तिचं छप्पर शाकारताना.

तवा सरकारचा नवा नेम निघाला. नुसता विक्रीकर भरून भागायचं न्हाई. माल किती करता, कुटं इकता, कर कसा धरता, समदं आधी लिवून द्यायचं. शेजारचा दुकानदार हळूच सांगाया आला, "मावशी, निम्मंच लिवा. समदी तसंच करत्यात."

"मग निम्म्या बायका लपवू कुटं? तुमच्या माळ्यावर?"

मावशींनी खरं लिवलं. दिसाला चार घाने.

एक दिस सकाळीच सायेब तपासाया आले. मावशी बाजारात गेलत्या. सायबांनी मला इचारलं, "रोज किती घाणे काढता?"

आता सायेब म्हंजे पाव्हना. पाव्हन्याला आपली भट्टी ल्हान कशी सांगावी? म्या छाती फुगवली. "दहा! कदीमदी बारा!"

अख्खं गाव सायबाला कमी सांगायचं. जास्ती सांगनारं येडं मी येकटंच.

सायबांच्या कपाळाला आठ्या. "इथं तर चार लिहिलंय. बाकीची चोरी? भट्टीला सील लागेल." पाक ढवळनाऱ्या बायका माझ्याकडं अशा बघाया लागल्या, की पाक गार वाटावा.

मावशी आल्या. समदं ऐकलं. आवाज न्हाई चढवला. "सायेब, बसा. कढई येकच हाय. ह्यो दहा काढनारा मानूस काढून दाखवंल. घे रं उलथनं."

पयल्या घान्याला मी गानं म्हनत हुतो. दुसऱ्याला गानं बंद. तिसऱ्याला मिशी करपली. पाक, लाटनं, कापनं, समदं धरून चवथा उतरला तवा दिस कलला आन मी गुळाच्या ढेपांवर आडवा. बायका हसाया लागल्या, मग सायेबबी.

"चारच," म्हनाले, आन कागदावर सही केली.

जाताना त्यांनी चिक्कीचा पुडा मागितला. म्या लगोलग फुकटच पुढं केला. मावशींनी माझा हात धरला.

"थांब. पैशे घे. कर धरून."

मावशींना जाऊन लय वर्सं झाली. मला त्या अजून तशाच दिसत्यात: सायेब दारात उबे, त्यांच्या गाडीची येळ झालेली, आन मावशी चिकट बोटांनी, काय घाई नसल्यागत, त्यांची पावती लिवत्यात.