आरेगुंदचा दगड

नेकनूरच्या अलीकडे, बीडच्या रस्त्याला लागून एक दगडखाण होती. तिथं धुळाजी पाथरवट जाती, उखळं आणि पाटे घडवायचा. हात चोख, पण माणूस चिडका. जात्याचं विचारायला गेलेल्या बाईवर तो असा खेकसायचा की पुढच्या वेळी ती नवऱ्याला पाठवायची. लोक म्हणत, बसऱ्याहून आल्यापासून याचं डोकं फिरलंय. ते खरं नव्हतं. डोकं जागेवर होतं. एक काम हातून होत नव्हतं, एवढंच.

१९१७ साली धुळाजी नगरकडं पुलाचे चिरे घडवायला गेला होता. लढाई चालू होती आणि तिथं मजूर पलटणीची भरती लागली होती. त्यानं अंगठा दिला आणि मुंबईहून आगबोटीनं इराकातल्या बसऱ्याला गेला. पुढच्या वर्षी त्याची टोळी बगदादच्या पलीकडं, बाकुबा नावाच्या गावी नेली. तिथं नजर पोचेल तिथवर तंबू होते, आणि तंबूंत हजारो आर्मेनियन माणसं होती. आपला मुलूख सोडून डोंगरातून चालत, वाटेत लेकरं पुरत आलेली.

त्यातच म्हातारा हाकोब होता. तोही पाथरवटच. त्याला तुर्की यायची, थोडी फारसी यायची. धुळाजीला निजामाच्या राज्यातली उर्दू येत होती. उस्ताद, दोस्त, दुनिया, जमीन एवढे शब्द दोघांकडं सारखे निघाले, आणि तेवढ्यावर त्यांचं जमलं.

हाकोब एक शब्द सारखा म्हणायचा: खाचकार. धुळाजीला वाटलं, खाच म्हणजे आपण दगडात पाडतो ती. हाकोबनं नाही म्हणून मान हलवली. दोन काड्या एकमेकींवर धरून दाखवल्या. त्याच्या भाषेत खाच म्हणजे क्रूस, आणि कार म्हणजे दगड. त्याच्या गावी, आरेगुंदला, देवळाच्या भिंतीशी असे चाळीस दगड उभे होते. मधे क्रूस, त्याच्या बुडातून फुटलेली पानं, आणि भोवती दोरीच्या विणीसारखी नक्षी, जिचं टोक सापडत नाही. हजार वर्षांत एकासारखा दुसरा दगड कोणी घडवला नव्हता. बापाचा नमुना मुलानं जसाच्या तसा उतरवला तर त्याला कारागीर म्हणत नसत. खाली नाव कोरायचं ते त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत, आणि ती अक्षरंही दीड हजार वर्षांची.

"मग आता?" धुळाजीनं विचारलं.

हाकोबनं तळहातानं जमीन पुसल्यासारखं केलं. १९१५च्या उन्हाळ्यात तुर्की फौजेनं आरेगुंदची माणसं मारली. देऊळ फोडलं, दगड फोडले. तो तेव्हा दुसऱ्या गावी कामाला होता म्हणून वाचला. पुढं बर्फातून पळताना त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं झडली.

बाकुब्यात दगड नावाला नव्हता, सगळी गाळाची माती. तंबूंत रोज माणसं मरत आणि त्यांच्यावर मातीचे ढीग घालत. हाकोब ओल्या चिखलात डाव्या हातानं नक्षी काढायचा, दुपारपर्यंत ती वाळून तडकायची. तो पायानं मोडायचा आणि शिव्या द्यायचा. धुळाजीला त्या शिव्या न कळताही कळायच्या.

हाकोब आता टोळीतल्या माणसांकडून मोडकी उर्दू शिकला होता. एक दिवस त्यानं धुळाजीला विचारलं, "तेरे मुल्क में पत्थर है?"

"पत्थरच पत्थर है, उस्ताद."

"तो एक बना. मेरे गाँव का नाम लिख."

तंबूच्या कापडाच्या तुकड्यावर त्यानं कोळशानं नक्षी काढून दिली, खाली गावाच्या नावाची आठ अक्षरं. धुळाजीनं ते छातीशी बांधलं. १९१९ साली पलटण मोडली आणि तो घरी आला. हाकोबचं पुढं काय झालं, हे त्याला कधीच कळलं नाही.

घरी आल्यावर खरा त्रास सुरू झाला. हाकोबच्या मुलखातला दगड मऊ, लाकडासारखा कापला जाणारा. आपला काळा दगड लोखंडासारखा. जाती त्याची चांगली व्हायची, पण ती बारीक वीण त्यात धरत नव्हती. पहिला दगड चिरला, दुसऱ्याचा कोपरा उडाला. तिसरा आठ महिने चालला आणि शेवटच्या वळणावर पान तुटलं. धुळाजीनं तो खाणीत ढकलून दिला.

"लोकांची जाती कवा घडविणार?" बायको भिवराबाई म्हणाली. "त्या मानसाला तुमी वचन देलतं, मी न्हाई."

गावातही कुजबुज सुरू झाली. पाटील भगवानराव खाणीवर आले. क्रूस बघून त्यांचा चेहरा बदलला.

"किरिस्ताव झालास का बे?"

"न्हाई."

"मग ह्ये कावून घडवितो?"

"एक गाव मेलंय, पाटील. त्याचं नाव लिवायलोय."

"आपल्याकडं पटकीनं काय कमी गावं मेली? त्यांचं लिव की."

धुळाजी पाटलाकडं पाठ करून पुन्हा टाकीचे घाव घालू लागला.

चौथा दगड चांगला निघाला. नक्षी पुरी होत आली तेव्हा त्यानं अक्षरांसाठी कापड काढलं, तर वाळवीनं खालची कड खाल्लेली. आठातली चारच अक्षरं शिल्लक होती. त्या दिवशी तो जेवला नाही.

कोणीतरी सांगितलं, हैदराबादेत पूर्वी अरमनी, म्हणजे हाकोबच्याच लोकांपैकी, व्यापारी होते. १९२३ साली तो चालत जालन्याला गेला आणि तिथून रेल्वेनं हैदराबादला. तीन दिवस विचारत फिरला. शेवटी उप्पुगुड्याच्या बाजूला एक जुनं कब्रस्तान सापडलं. गवतात आडवे दगड आणि त्यांवर तीच अक्षरं! धुळाजी धावतच गेला. राखणदाराला म्हणाला, "इनके लोगां कहाँ हैं? पढ़नेवाला कोई?"

"कौन पढ़ेगा, मियाँ? कब के गए सब."

दिवसभर तो गुडघ्यांवर बसून दगड चाचपत राहिला. हाकोब ज्या अक्षराला वळण देताना मान वाकवायचा, ते एक ओळखलं. गळाच्या आकड्यासारखं दुसरं ओळखलं. बाकी दोन तिथं असली तरी त्याला ओळखू आली नाहीत. अक्षरं पुढ्यात होती, पण त्याला निवडता येत नव्हती.

परत येऊन त्यानं सहा अक्षरं कोरली. दोन जागा गुळगुळीत घोटून मोकळ्या ठेवल्या आणि दगड खाणीच्या कडेला उभा केला.

महिन्याभरात कोणीतरी त्याला शेंदूर फासला. नारायणगडाच्या जत्रेला जाणारे लोक थांबून नारळ फोडू लागले. धुळाजी ओरडायचा, "आरं, देव न्हाई ह्यो! गावाचं नाव हाय!" लोक हात जोडून पुढं जायचे. तो टाकीच्या पाठीनं शेंदूर खरवडून काढायचा. आठ दिवसांत पुन्हा शेंदूर. एकदा त्यानं नारळ उचलून खाणीत फेकला, तेव्हा भिवराबाई लई रडली. तिला वाटलं, आता घरावर कोप होणार.

बीडचा गहिनीनाथ देवळांच्या पायऱ्यांवर नावं कोरून द्यायचा. दगड बघून तो खूश झाला. "काम एक नंबर हाय. पर ह्या दोन जागा कावून सोडल्यास? टाक काय बी. कोन वाचायलंय हितं?"

धुळाजीनं हातातला हातोडा खाली टाकला. "वाचणारा आला म्हंजी?" तो म्हणाला. "त्याला खोटं गाव दावू का?"

गहिनीनाथ हसला आणि गेला.

वाचणारा काही आला नाही. धुळाजी पुढं बारा-तेरा वर्षं जगला, जाती घडवली, गिऱ्हाइकांवर खेकसला. कोणी पाहुणा हैदराबादकडून आला की त्याला पहिला प्रश्न अरमनी लोकांचा असायचा. उत्तर एकच यायचं: सगळे कधीच गेले. धुळाजी मेल्यावर भिवराबाईनं काही दिवस त्याच्यासाठी शेंदूर खरवडला, मग सोडून दिलं. तिच्या हाताला ते जमत नव्हतं.