पोतं सरेपर्यंत

आमच्या लासुर्ण्याच्या घरी मधल्या खोलीत खुंटीला एक पोतं टांगलेलं असायचं. त्यात मेंढ्यांची काळी लोकर होती. ती संपली की माझ्या आत्याचं कुंकू पुसायचं, असं ठरलेलं होतं. कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ते पाठ होतं.

मी सात-आठ वर्षांची असताना मामा, म्हणजे आत्याचे यजमान, दिवाळी करून मेंढरं घेऊन कोकणात उतरले. दरवर्षीच जायचे. निघायच्या आधी त्यांनी कळप स्वतःच्या हातानं कातरला, लोकर पोत्यात भरली आणि आत्याला सांगितलं, "मी येईस्तोवर सूत काढून ठेव. आल्याव घोंगडं विणाया टाकू." पावसाच्या तोंडावर मेंढरं परत आली. कुत्रा आला, बरोबरचे मेंढके आले. मामा आले नाहीत. घाट चढताना धुकं दाटलं, एक मेंढी मागं राहिली, तिला बघायला ते मागं गेले. "आलोच" म्हणाले, एवढंच सगळ्यांना आठवत होतं. तीन दिवस शोधलं. काठी नाही, पटका नाही, काही नाही.

आत्याचे थोरले दीर सणसरला असायचे. वर्षभर वाट बघून त्यांनी विषय काढला की मामांच्या नावानं गवताची बाहुली करून तिला अग्नी द्यावा, दिवस घालावेत आणि बाईला मोकळं करावं. आत्या म्हणाली, "त्येंनी सूत काढाया सांगितलंय. तेवढं तर काढू द्या." दीर काही वाईट नव्हते. ते म्हणाले, "बरं. पोतं सरंपतुर." मग आत्या पोतं डोक्यावर घेऊन आमच्याकडे, भावाच्या घरी आली. मागून तो कुत्रा आला.

मला या सगळ्याचा लहानपणापासून राग यायचा. माणूस आहे की गेला हे पोत्याला विचारायचं, ही कुठली रीत? आणि मोठी माणसं एकदम गप्प. आमच्या वडिलांना कारखान्याला ऊस कधी जाणार यावर तासभर बोलता यायचं, पण बहिणीसमोर बसले की तोंडात मूग. मी काही विचारलं की आई डोळे वटारायची.

आत्या दुपारी जेवणं झाल्यावर सूत काढायची. आदल्या दिवशी पिंजून ठेवलेल्या लोकरीचा एक पेळू घ्यायची, मनगटाएवढा जाड गुंडाळलेला, आणि टकळी मांडीवर घासून सोडून द्यायची. टकळी भिरभिरत खाली जायची, तिच्या मागं धागा लांबत जायचा. दिवसाला एकच पेळू. जास्त नाही, कमी नाही. वडिलांनी आपली मेंढरं कधीच विकली होती, कालव्याचं पाणी आलं होतं, शिवारात जिकडं तिकडं ऊस होता. पण दुपारी आमच्या त्या खोलीत शिरलं की ओल्या मेंढरांचा वास यायचा.

ती सूत काढताना बोलायची. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. घोंगडं टाकून बसायची ते एका कडेला, उरलेली जागा सोडून. मी एकदा त्या जागेवर बसले, तर म्हणाली, "हितं नगं." एवढंच. मी उठले. कधी मधेच टकळी थांबायची. पडायची नाही, धागा ताणलेला आणि टकळी अधांतरी, न फिरता. आत्या वर न बघता म्हणायची, "थांबा की जरा." नेमका त्याच वेळी कुत्रा पायरीवरून उठायचा आणि शेपूट हलवत कुणाला तरी वाट द्यायचा. दारात कुणी नसायचं. मी पुस्तकात डोकं खुपसून बसायचे आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे.

दर दिवाळी पाडव्याला दीर सणसरहून यायचे. चहा घ्यायच्या आधी मधल्या खोलीत जायचे, बाही वर सारून पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे. आम्ही सगळे दाराशी उभे. आत्या मात्र चुलीपुढं, पाठ करून. हात बाहेर काढून ते म्हणायचे, "हाय अजून." मग सगळ्यांचा श्वास सुटायचा आणि आई करंज्यांचं ताट आणायची.

मी तेरा वर्षांची झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. आत्याच्या सुताचे गुंडे एका ट्रंकेत मावेनासे झाले होते, दुसरी ट्रंकही भरत आली होती. पोतं मात्र तेवढंच. रोज एक पेळू निघतो आणि पोतं तोंडापर्यंत भरलेलं. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या अभ्यासाचं बघ."

त्याच वर्षी शाळेत शिवणाच्या बाई आम्हाला दोन सुयांवर विणायला शिकवत होत्या. सगळ्या मुलींनी बाजारातली रंगीत लोकर आणली. मी घरच्या सुताचा विचार केला. पण बाई म्हणाल्या, काळ्यावर रंग चढत नाही. पोत्यात मधून मधून पांढऱ्या बटा होत्या. मी स्टुलावर चढून त्या वेचल्या, मूठभर झाल्या. आठवडी बाजारातून गुलाबी रंगाची पुडी आणली, आई शेतात गेल्यावर जुन्या भगुन्यात पाणी उकळलं, रंग पक्का बसावा म्हणून चिंचेचं पाणी घातलं. लोकर अशी गुलाबी झाली की डोळ्यांत भरावी. मग मला धडकी भरली. मी मूठभर पोतं कमी केलं होतं. मामांचं काय केलं होतं मी?

तेव्हा मला कल्पना सुचली. भीतीतूनच सुचली, शहाणपणातून नाही. ती गुलाबी मूठ मी परत पोत्यात घातली, पण अगदी तळाशी, हात खुपसून. आत्या वरून लोकर घेते. गुलाबी लागली की तळ आला असं समजायचं. मग निदान मला आधी कळेल. हात तळाशी गेला तेव्हा खालची लोकर कोमट लागली. अंगावर घेऊन कुणी नुकतंच उठावं, तशी. मी हात ओढून घेतला आणि स्टुलासकट पडले.

थंडी गेली, उन्हाळा आला. रोज दुपारी मी आत्याच्या बोटांकडं बघत बसायचे. काळा धागाच निघायचा. पोतं तसंच. वारा नसताना खुंटीवर किंचित हलायचं, आणि कुत्रा त्याच्याकडं बघत बसायचा. मला झोप लागेना. मामा पोत्यातून परत येतायत असं काहीतरी माझ्या डोक्यानं घेतलं, आणि ते कुणाला सांगताही येईना.

मग एक दिवस शाळा लवकर सुटली. आत्या ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. मधल्या खोलीत आई पोतं जमिनीवर उपडं करून बसली होती आणि पदरातली लोकर त्यात मिसळत होती. खालवर करून, नीट, पीठ मळावं तशी. मला बघून ती दचकली नाही. म्हणाली, "बोलायचं न्हाय. तुला माझी आण हाय." हीच आई रोज सकाळी आत्याशी पाण्यावरून, चुलीवरून, मिठावरून भांडायची. मला एकदम रडू आलं. भीती गेली म्हणून, आणि इतकी वर्षं मला एकटीला घाबरत ठेवलं म्हणून रागानंही. आई म्हणाली, "तुझ्या आत्याचं कपाळ मला तसं बघवायचं न्हाय. बास."

मग मीही सुरू केलं. मेच्या अखेरीला कोकणातून परतणारे मेंढके कालव्याच्या कडेला एका शेतात खतासाठी मेंढरं बसवून होते. मी शाळेच्या पिशवीतून त्यांच्याकडची मूठभर लोकर आणली. वळवात भिजलेली होती. तशीच ओली पोत्यात कोंबली. एकदाच. पुन्हा धाडस झालं नाही.

दिवाळीला आठ दिवस होते. दुपारी आत्या सूत काढत होती आणि काळ्या धाग्याच्या शेवटाला एकदम गुलाबी धागा आला. आईनं पोतं खालवर करताना माझी खूण वर आणली होती. आई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. वडील दारात होते. आत्यानं टकळी थांबवली नाही. गुलाबी तेवढं सगळं कातलं, गुंडाळलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "रंग बेस बसलाय. चिंच घातली व्हय?" मी मान हलवली. तिनं गुंडा ट्रंकेत ठेवला आणि झाकण लावलं. तिच्या त्या शांतपणाची मला पोत्यापेक्षा जास्त भीती वाटली.

पाडव्याला दीर आले. बाही वर सारून खोलीत गेले, तर पोतं खुंटीवर नव्हतं. आत्यानं ते अंगणात उन्हात नेलं होतं. आम्ही सगळे बाहेर आलो. तिनं आमच्यादेखत पोतं उपडं केलं आणि लोकर चाचपून चाचपून वेगळी करायला बसली. बटेला बोट लावायची, बाजूला टाकायची. बराच वेळ गेला. तीन ढीग झाले.

"ही जावळाची हाय," पहिल्या ढिगावर हात ठेवून ती म्हणाली. जावळ म्हणजे कोकराची पहिली लोकर, रेशमासारखी मऊ. "त्येंनी त्या साली कोकरं कातरलीच न्हवती. कोकणात थंडी लागंल म्हणाले. वैनी, ही तुमची." आईनं पदर तोंडाला लावला. "ही गोखरू लागलेली. माळावरच्या मेंढरांची. दादा, ही तू टाकलीस." मी वडिलांकडं बघितलं. आईनंही बघितलं. दोघांनी इतकी वर्षं एकमेकांपासून लपवून त्याच पोत्यात हात घातला होता.

दिरांनी खाली बघत विचारलं, "मंग त्याची कुठली?"

"त्येंची तीन वरसांमागंच सरली," आत्या म्हणाली.

तिला माहीत होतं. तीन वर्षं रोज एक पेळू ती आमच्यासाठी कातत होती. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून कपाळाला कुंकू लावून बसत होती. "ह्या समद्यांनी एवढं जपलं, मला मोडवंना," ती दिरांना म्हणाली. "पर आता पोरगीबी त्यात गुतली. बास झालं. येत्या अवसंला काय करायचं ते करून टाका, आबा."

मग तिनं तिसऱ्या ढिगाला हात लावला आणि तिचा आवाज बदलला. "ही तेवढी कुणाची ते सांगा."

ती लोकर काळीभोर होती आणि ओली होती. पावसाळा सरून महिना झालेला, अंगण तापलेलं, आणि ती ओली. आत्यानं त्यातून एक काटा काढला, त्याला करवंदीचं पान चिकटलेलं होतं. आमच्याकडं माळावर करवंद नाही. दिरांनी पान हातात घेतलं, वास घेतला. आयुष्यभर त्यांनी तो घाट चढला-उतरला होता. "वरली हाय ही," ते हळूच म्हणाले. "घाटातली." पायरीवरचा म्हातारा कुत्रा उठला, ढिगापाशी आला आणि शेपूट हलवायला लागला.

आत्यानं आईकडं बघितलं, आई नाही म्हणाली. वडील नाही म्हणाले. मग ती माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मी विसरलेले नाही. तिला माझ्याकडून दोन्ही ऐकायचं होतं, हो आणि नाही. 'मी टाकली' एवढं म्हटलं असतं तर येत्या अमावस्येला गवताची बाहुली जळाली असती आणि ती सुटली असती. तिनं तर मन घट्ट केलेलंच होतं.

"मी न्हाय," मी म्हणाले.

दीर पायात वहाणा घालून उभे राहिले. पटका सारखा केला. "पोतं सरल्यालं न्हाय," म्हणाले, आणि चहा न घेता गेले. आत्यानं तो ढीग पदरात गोळा केला. दुसऱ्या दुपारी ती परत घोंगड्याच्या कडेला बसली, शेजारची जागा सोडून. आईनं आणि वडिलांनी पोत्यात पुन्हा कधी हात घातला नाही, मीही नाही. रोज एक पेळू निघत राहिला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती गेली, चार दिवसांच्या तापानं. न्हाऊ घालायला जमलेल्या बायका अडल्या. सवाष्ण म्हणून पाठवायची का कसं, कुणी सांगेना. मी कुंकवाचा करंडा घेतला आणि माझ्या हातानं तिला मळवट भरला. मी तिला वाट बघायला लावली, तेवढं तरी मी तिचं देणं लागत होते. मी खोटं बोलले म्हणून ती आणखी इतकी वर्षं त्या दाराकडं बघत बसली. यात दया किती आणि दुष्टपणा किती, ते मला अजून ठरवता येत नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. मी कालव्यावरून आणली होती ती मूठभर, आणि मेच्या महिन्यात. त्या दिवशी अंगणात आत्यानं जो ढीग पदरात घेतला, तो तिच्या दोन्ही हातांत मावत नव्हता.