पुरेशी न मेलेली गाडी

गाडी ठार मेली तर पैसे, अर्धमेली असेल तर छदाम नाही. एल्दा ग्वास्कोच्या विम्याची अट एवढीच होती, आणि सही करताना तिनं ती वाचलीही होती. स्वस्तातला विमा तसाच असतो, आमच्या सांता फे प्रांतात अर्ध्याअधिक लोकांचा तसाच आहे. पण सही करताना कुणाच्या मनात येतं, की धुक्यातून एक मोकाट घोडी आपल्या अंगावर येणार आहे म्हणून?

आली. शाळेच्या रस्त्यावर, सकाळी. आधी बॉनेटवर पडली, मग घरंगळत छपरावर गेली आणि पलीकडे खड्ड्यात. घोडीवर कुणाच्याच मालकीचा डाग नव्हता. ती कुणाची हे अख्ख्या गावाला ठाऊक, पण विचारायला गेलं की जो तो आभाळाकडे बघणार! एल्दाच्या कपाळाला खोक पडली, बाकी धडधाकट. तिसऱ्या दिवशी ती टाके घातलेल्या कपाळानं दुधाच्या टँकरमध्ये बसून शाळेत हजर. पोरांनी विचारलं, "बाई, घोडीला किती लागलं?" ती म्हणाली, "माझ्यापेक्षा जास्त. पाढे काढा."

अशी बाई. बसणं तिला माहीतच नाही. लग्नातसुद्धा, म्हणतात, पाद्री बोलत होता आणि हिनं उठून खिडकी लावली. मळ्यामळ्यांतली पोरं येतात त्या चिमुकल्या शाळेत ती एकटीच. शिकवणारी तीच, घंटा देणारी तीच, दूध तापवणारीही तीच. बस तिकडे जात नाही. टँकरवाला भला माणूस, पण पुढच्या महिनाअखेरीला त्याचा मार्ग बदलणार होता. आणि वरून कळवलं होतं, की बाई वेळेवर पोचत नसतील तर शाळा बंद करून पोरं गावातल्या शाळेत घालू. म्हणजे सरळ हिशेब: गाडी नाही तर शाळा नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, पण तिला निवृत्तीचं काही नव्हतं. गावातल्या शाळेपर्यंत त्या पोरांना कोण आणणार? घरीच बसतील, गाई वळतील, हे तिला खात राहायचं.

विमा कंपनीचा पहिला माणूस आला, अंगणात उभा राहून मोबाइलवर फोटो काढले आणि गेला. आठवड्यानं एजंट बोनिनोनं बोलावलं.

"दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या चौऱ्याहत्तर टक्के येतोय, बाई. ऐंशी लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी पुरेशी मेलेली नाही."

"अहो बोनिनो, छप्पर माझ्या कानाला लागलंय! अजून किती मरायला हवी? मी आत मेले असते तर भरले असते का तुमचे ऐंशी?"

बोनिनो बिचारा लहानपणी तिच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं दुसऱ्या तपासणीचा अर्ज भरून दिला. आता वाट बघायची. आणि वाट बघणं एल्दाला कधी जमलंय? रात्रीची भांडी दोनदा घासायची, फोन वाजला नाही तरी उचलायची, टँकरमध्ये बसल्याबसल्या पाय हलवायची. तो टँकरवाला वैतागून म्हणाला, "बाई, ब्रेक माझ्याकडे आहे, तुम्ही कशाला दाबताय?"

आणि इकडे नवरा. ओरेस्ते पत्र्याचं काम करणारा, जन्मभर ठोकून ठोकून गावाच्या गाड्या सरळ केलेल्या. आता कारखाना बंद, पण अंगणात ठोकायचं सामान सगळं शाबूत. सांगायची गोष्ट ही, की एल्दाला त्याच्या ठोकण्याचा पत्ता शेजारीण पोरोतानं दिला.

"तुझ्या नवऱ्याला सांग गं, दुपारची दोन तास डोळा लागू दे म्हणावं. रोज ठाण् ठाण् ठाण्! गाव झोपलेलं आणि हा एकटा जागा."

"काय ठोकतोय?"

"तुला नाही माहीत? तुमची गाडी."

एल्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी पोचेपर्यंत ती चालली नाही, धावलीच. मागच्या अंगणात ओरेस्ते फियाटच्या आत उताणा पडून, खालून छप्पर वर ढकलत होता. आणि छप्पर खरंच वर आलं होतं! चालकाच्या बाजूचं, जवळजवळ सरळ.

"अरे माणसा! मी तिकडे गाडी मेली म्हणून ओरडतेय आणि तू इथे तिला जिवंत करतोयस? एकेक घाव म्हणजे एकेक टक्का खाली, कळतंय का तुला?"

ओरेस्ते बाहेर आला. हातानं कपाळ पुसलं.

"एवढंच करणार होतो. बाकी नाही."

"एवढंच तरी का? हात शिवशिवतात म्हणून? तुझ्या हातांपायी ती पोरं घरी बसणार!"

तिनं हातोडे उचलून पलंगाखाली टाकले आणि त्याच्याशी अबोला धरला. ती सकाळी निघायची तेव्हा तो माते, आमचा कडवट पाल्याचा चहा, घेऊन बसलेला असायचा, पण भोपळ्याच्या भांड्यातली नळी तोंडाला न लावता खिडकीतून अंगणात बघत. तिला वाटायचं, रुसलाय. असू दे रुसलेला.

दुसऱ्या तपासणीला यानिना नावाची मुलगी आली, बूट मळलेले, केस आवळून बांधलेले. तिनं पहिले फोटो बघितले, मग गाडी बघितली, मग पुन्हा फोटो.

"छप्पर कुणी सरळ केलं?"

खोटं बोलावं असं एक क्षण एल्दाच्या मनात आलं, पण शाळेतल्या बाईला ते जमेना.

"यानं," ती म्हणाली. "माझा नवरा. मी त्याला जीव घेईन म्हणून सांगितलंय."

यानिना हसली नाही. "हा भाग आता नुकसानीत धरता येणार नाही, बाई. म्हणजे टक्के कमीच होतील."

झालं! एल्दानं ओरेस्तेकडे अशा नजरेनं बघितलं की पोरोतानं कुंपणाआड मान खाली घातली. तेवढ्यात ओरेस्ते पहिल्यांदा बोलला.

"पोरी, छप्पर सरळ झालं तरी दार बसत नाही. कितीही केलं तरी बोटभर फट राहते. म्हणून काल खाली शिरलो. तूही शिर."

यानिना अंगात कामाचा डगला चढवून गाडीखाली शिरली. दिवा, पट्टी, पुन्हा दिवा. एल्दा अंगणात येरझाऱ्या घालत होती. बाहेर आल्यावर मुलीनं हात झटकले.

"चासी वळलीये, गाडीचा खालचा सांगाडाच. पुढपासून दारापर्यंत. पहिल्या माणसानं खाली बघितलंच नाही वाटतं."

"म्हणजे?" एल्दानं विचारलं.

"म्हणजे वरून रंग मारून कुणी विकेलही. पण मी तरी माझ्या आईला यात बसवणार नाही." तिनं लिहिलं आणि मोबाइल एल्दासमोर धरला. ऐंशीच्या वर होतं, चांगलंच वर.

मुलगी गेल्यावर एल्दा नवऱ्याकडे वळली. "काल कळलं तुला? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू बोलत कुठे होतीस माझ्याशी?"

एल्दानं पलंगाखालून हातोडे काढून त्याच्या हातात दिले.

पण लढाई संपली नव्हती. कंपनीनं देऊ केलेल्या रकमेत फियाटचं इंजिन आलं असतं, चाकं नसती आली. एल्दा बोनिनोची दुपारची झोप मोडून त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तो सुरकुतल्या शर्टात, डोळे चोळत बाहेर आला.

"हा अपघाताच्या दिवशीचा भाव आहे," ती म्हणाली. "आणि गाडी मी घेणार आता. आपल्याकडे सकाळची पावाची किंमत संध्याकाळी राहते का, बोनिनो?"

"बाई, नियम..."

"पॉलिसीत लिहिलंय, बाजारभाव. बाजार आजचा की गेल्या महिन्यातला? उभा राहा आणि उत्तर दे."

तो उभाच होता, तरी सरळ झाला. तिनं विक्रीच्या जाहिराती आणल्या होत्या, त्याच सालच्या, त्याच गाडीच्या, आसपासच्या गावांतल्या. "या लावा. सही मी तेव्हाच करीन." बोनिनोनं फोन केला, दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. ती रोज टँकरमधून उतरली की थेट त्याच्या बाकावर येऊन बसायची, बसायची म्हणजे पाय हलवत. शेवटी कंपनीच कंटाळली. रक्कम वाढली. वापरलेली पण धड गाडी येईल इतकी. टँकरचा मार्ग बदलायच्या आत.

मेलेली फियाट न्यायला क्रेन आली त्या दिवशी एल्दा खुशीत होती. मैदा मळून तळलेल्या गरम पुऱ्या, वर साखर. क्रेनवाल्यालाही दिल्या. गाडी वर उचलली गेली तेव्हा तिनं पाहिलं: बॉनेट चेचलेलं होतं तसंच, काच तशीच, पलीकडचं दार तसंच. फक्त चालकाच्या डोक्यावरचं छप्पर गुळगुळीत. तिला हसू आलं.

"बाकी सगळं सोडून हे एवढंच का रे ठोकलंस? बॉनेट करायचं, लोकांना दिसलं तरी असतं."

ओरेस्ते साखरेचे हात पँटला पुसत म्हणाला, "बॉनेटवर घोडी पडली होती."

"मग?"

"छपराखाली तू होतीस." त्यानं गाडीकडे बघितलं नाही. "रोज सकाळी खिडकीतून तेच दिसायचं. किती जागा उरली होती ते. माते घशाखाली उतरेना."

एल्दा काहीतरी टोमणा मारणार होती. पण तिनं वर, लोंबकळणाऱ्या गाडीकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला धुकं आठवलं, पांढरं, आणि त्यातून आलेलं ते मोठं डोकं. ती स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली आणि सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखी रडायला लागली.

क्रेनवाला कागद पुढे करून उभा होता. "बाई, इथे सही..."

"थांब जरा," ओरेस्ते म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.