गळ्यावरची शिवण

ती दुपार अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आखातातल्या अजमान शहरात एका सोफ्याच्या दुकानामागे डोंगरी बकऱ्याचं पेंढा भरलेलं मुंडकं टांगलंय, अशी खबर एका टँकर ड्रायव्हरने दिली. खोर फक्कानच्या डोंगरात हा बकरा आता क्वचित दिसतो. त्याला मारणं मोठा गुन्हा.

मी सातवीत शाळा सोडलेला रत्नागिरीकडचा माणूस, इथल्या पोलिसात हवालदार. पेंढा भरणारा कारागीर आपल्याकडचा निघाला, म्हणून कॅप्टनसाहेबांनी मला सोबत घेतलं. दुकानात शिरलो. समोर चाचा. मी या देशात आलो तेव्हा सहा महिने यांच्या खोलीत राहिलो, यांच्या ताटात जेवलो. पोलिसातली नोकरीसुद्धा यांनीच लावून दिली.

"साहेब, मी यांचं मीठ खाल्लंय," मी तिथेच सांगून टाकलं.

"मग तुझ्याशी खोटं बोलणार नाही. यल्ला, चल, विचार," साहेब म्हणाले.

चाचा शांत होते. "गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलंय. परदेशात गोळी घालून मारलेलं जनावर, जुनं. हे बघ कागद."

कागद चोख होते. पंचनाम्यासाठी मुंडकं खाली उतरवलं आणि हनुवटीखालचे केस वर केले. गळ्यावर आडवी, बारीक शिवण होती.

कातड्याला मीठ चोळताना चाचांनीच मला कधीतरी सांगितलं होतं, "बंदूक कुठलीही घे, सुरी मात्र पातळ घे. आणि शोभेचं जनावर असेल तर गळ्याला हात लावायचा नाही. कातडं वाया जातं."

"चाचा, मग हा गळा कुणी कापला?"

त्यांनी हनुवटीखालचे केस पुन्हा खाली सारले.

"जीव होता रे अजून. गोळी गिऱ्हाइकाने घातली, पोटात. तो फोटो काढत बसला. तडफडताना बघवेना. बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी फिरवली."

म्हणजे कागद खोटे, आणि चाचा स्वतः इथल्याच डोंगरात होते. माझ्या हातातलं पेन थांबलं.

"थांबलास कशाला? लिही. तुला नोकरीला चिकटवला तेव्हा अक्षर बघायला हवं होतं," ते म्हणाले. हसले नाहीत.

त्या जबाबावरून गिऱ्हाईक दोन दिवसांत सापडलं. चाचांनी शिक्षा भोगली. व्हिसा खलास झाला आणि पस्तीस वर्षांचा संसार दोन बॅगांत भरून ते गावी गेले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकलो. माणूस आपलं पाप नीट लपवतो. कागद करतो, साक्षीदार उभे करतो. पण जे करताना त्याला आपण बरोबर वागलो असं वाटतं, ते पुरतं लपवायचं त्याच्या मनात येत नाही. तपास तिथून सुरू करावा. फक्त तिथे सापडलेला माणूस वाईटच असेल असं समजू नये.

निवृत्तीनंतर मी इथेच, अल बर्शाला मुलाकडे असतो. दर शुक्रवारी गावी चाचांना फोन लावतो. उचलतील की नाही, या धास्तीने आजही रिंग मोजत राहतो. ते उचलतात, आणि पहिल्या दिवशी खोलीचं दार उघडताना विचारलं होतं तेच विचारतात.

"जेवलास काय रे?"