मधल्या चाकाची गाडी

लंडनच्या ईलिंग भागात कौन्सिलने भाजी लावायला भाड्याने दिलेल्या जमिनीत, म्हणजे अलॉटमेंटमध्ये, माझा एक तुकडा होता. मेथी, मुळा, बटाटे आणि हट्टाने लावलेला लाल भोपळा. तबेल्यातले लोक घोड्यांच्या खताचा ढीग फाटकापाशी घालून जायचे; तिथून ज्याचं त्याने न्यायचं. माझा तुकडा चढाच्या पार वरच्या टोकाला. पाठीचं ऑपरेशन होईपर्यंत मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

ऑपरेशननंतर खुरपणी मी स्टुलावर बसून उरकत होते, अडत होतं ते खत. तिथल्या ढकलगाड्यांचं चाक पुढे आणि मुठी मागे, त्यामुळे निम्मं ओझं हातांवर येई आणि हातांवरून थेट कमरेत. दोन पावलं चालले की डोळ्यांपुढे काजवे.

मार्चमध्ये अलॉटमेंटचे सेक्रेटरी, एक निवृत्त इंग्रज गृहस्थ, माझ्यापाशी थांबले. एप्रिलच्या पाहणीत ज्यांची जमीन तयार नसेल त्यांचा तुकडा वेटिंग लिस्टवरच्यांना जाणार होता. "अर्धाच ठेवा, डिअर," ते म्हणाले. "अर्धा तुम्हाला झेपेल." माणूस भला होता, म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

घरी आमचे हे हाडांचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं, "अगं, सोड ना आता. साउथॉलच्या देशी बाजारात मेथीच्या जुड्या मिळतात की हव्या तेवढ्या."

"अहो, पेशंट दुसऱ्या डॉक्टरांकडेही बरे होतात. तुम्ही का जाता रोज हॉस्पिटलला?"

"मग एखादा माणूस लावू."

"म्हणजे शेत त्याचं आणि मी बघणार!"

त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण मी कधी सरळ सांगितलंही नव्हतं. या देशात मी डॉक्टरांची बायको होते, मुलांची आई होते. घराचं कर्ज, गाडी, फोन, सगळं यांच्या नावावर. तो चिखलाचा तुकडा तेवढा माझ्या नावावर होता.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून मी लायब्ररीपर्यंत चालत जायची आणि तिथे टेकायची. एकदा समोर पडलेलं प्राचीन चीनमधल्या शोधांचं चित्रांचं पुस्तक चाळायला घेतलं. कागद, होकायंत्र, बंदुकीची दारू, ही मंडळी ओळखीचीच. पुढच्या पानावर मात्र एक काटकुळा शेतकरी ढकलगाडी नेत होता. मोठं चाक बरोब्बर मधोमध, एका अंगाला पोती, दुसऱ्या अंगाला बांधलेलं डुक्कर. सगळा भार चाकावर. हातांनी फक्त तोल सांभाळायचा. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची युक्ती! मला आनंद व्हायच्या आधी रागच आला. इतकी वर्षं माहीत असलेली गोष्ट माझी पाठ मोडेपर्यंत मला कोणी सांगितली कशी नाही?

मुलाच्या जुन्या सायकलचं चाक आणि मोडक्या पलंगाच्या फळ्या गॅरेजमध्ये होत्या. यांनी स्क्रू पिळले, पिळता पिळता मला वेड्यात काढलं, पण पिळले. पहिल्या खेपेला मी एकाच अंगाला खत भरलं आणि गाडी सगळ्यांसमोर आडवी झाली. एक बाई धावत आली. "नको, नको, आय ॲम फाइन," म्हणत मी तिला परतवलं, तोंडावरची लीद पुसली आणि पुढची खेप दोन्ही अंगांना सारखी भरली.

गाडी चालली. चढावरही. थांबत, कण्हत, शिव्या देत का होईना, पण रोज थोडं थोडं खत वर गेलं.

पाहणीला सेक्रेटरी आले तेव्हा माझी सगळी जमीन काळीभोर झाली होती. ते गाडीभोवती फिरले. "हे कुठून आणलंत?"

"चीनमधून. जरा जुनं मॉडेल आहे."

ते हसले. मग पुन्हा मायेने म्हणाले, "शाबास. पण अशी ओढाताण किती दिवस करणार? अर्ध्याचं माझं म्हणणं अजून तेच आहे."

पाठ ठणकत होती. खोटं कशाला सांगू, क्षणभर हो म्हणावंसं वाटलंही. तेवढ्यात माझी नजर शेजारच्या अर्ध्या तुकड्याकडे गेली. भाडेकरू सोडून गेल्यापासून तिथे ब्रॅम्बलचं काटेरी रान माजलं होतं.

"अर्धा म्हणताय ना? चालेल," मी म्हटलं. "हा शेजारचा द्या."

ते गडबडले. वेटिंग लिस्टवरचे दोघं काटे बघूनच पळाले होते, तरी कमिटीला विचारावं लागेल, असं ते म्हणाले.

"विचारा ना, जरूर विचारा," मी म्हटलं, हातमोजे चढवले आणि गाडीचं तोंड काट्यांकडे वळवलं.